वाचक विचारतात: मागच्या बाकांवरचे खासदार

गेल्या अंकात दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ब्रिटिश हाऊस ऑफ कॉमन्सवर लेख छापला होता. मंत्रिपद नसलेले, पक्षातही कुठले पद नसलेले सदस्य तिथे नेमके काय करत, हे त्यात दोन ओळींत उरकले होते. त्यावर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न निवडून इथे उत्तरे देत आहोत. काळ १९४५ ते साधारण १९७० एवढाच धरला आहे.

प्रश्न: त्या काळी साध्या खासदाराला पगार, कार्यालय, सेक्रेटरी वगैरे काय मिळायचे?

पगार मिळायचा, बाकी फारसे काही नाही. १९३७ पासून वर्षाला ६०० पौंड होते, ते १९४६ साली १,००० झाले. त्यातूनच लंडनमधली भाड्याची खोली, सेक्रेटरीचा पगार आणि मतदारांना पाठवायच्या पत्रांची तिकिटे भागवायची. १९५४ मध्ये बैठकीच्या दिवसामागे २ पौंड भत्ता सुरू झाला, तोही शुक्रवार वगळून. १९५७ मध्ये सगळे मिळून १,७५० आणि १९६४ मध्ये ३,२५० पौंड झाले. सेक्रेटरीसाठी वेगळा भत्ता यायला १९६९ उजाडावे लागले, तो वर्षाला ५०० पौंड होता. मतदारसंघ ते लंडन रेल्वेप्रवास मात्र १९२४ पासून फुकट होता.

स्वतःचे टेबल बहुतेकांना नव्हते. कॉरिडॉरमध्ये एक अरुंद लॉकर मिळे, त्यात धड ब्रीफकेससुद्धा मावत नसे. पत्रे लायब्ररीत नाहीतर जिथे बाक मोकळे सापडेल तिथे बसून लिहायची. दोघातिघांत मिळून एक सेक्रेटरी ठेवायची पद्धत होती. हुजूर पक्षाचे बरेच जण वकिली किंवा कंपन्यांची संचालकपदे सांभाळून राजकारण करत. मजूर पक्षातल्या खाणकामगार सदस्यांना त्यांच्या युनियनचा थोडाफार हात असे. ज्याला दोन्ही नाही त्याचे हाल.

सभागृहात बसायला जागा मिळण्याचीही हमी नव्हती. मे १९४१ मध्ये बॉम्बने जुने सभागृह जळले. त्यानंतर बराच काळ कॉमन्सची बैठक लॉर्ड्सच्या, म्हणजे वरिष्ठ सभागृहाच्या, दालनात भरली. जाइल्स गिल्बर्ट स्कॉट यांनी बांधलेले नवे सभागृह २६ ऑक्टोबर १९५० रोजी वापरात आले, तेही मुद्दाम लहान ठेवलेले. गॅलरीतल्या बाकांसह जागा ४२७, सदस्य ६२५. महत्त्वाच्या दिवशी जागा हवी तर सुरुवातीच्या प्रार्थनेला हजर राहायचे आणि बाकाच्या पाठीवरच्या खाचेत आपले कार्ड लावायचे. प्रार्थना चुकवली की जागेवर हक्क नाही. देवभक्तीपेक्षा या कार्डामुळेच प्रार्थनेला गर्दी होत असावी, असे म्हणायला हरकत नाही.

प्रश्न: मंत्र्याला प्रश्न विचारण्याची नेमकी पद्धत काय होती? आणि उत्तर आधीच लिहून आणलेले असेल तर त्या प्रश्नाचा उपयोग काय?

सोमवार ते गुरुवार बैठक दुपारी २.३० ला सुरू होई. प्रार्थना आणि किरकोळ कामकाज झाले की प्रश्न सुरू, ते ३.३० ला बंद. म्हणजे हातात जेमतेम पाऊण-एक तास. तेवढ्यात साधारण चाळीस-पन्नास प्रश्न निघत. उरलेल्यांना लेखी उत्तर मिळे.

प्रश्न लिहून टेबल ऑफिसात द्यायचा. तोंडी उत्तर हवे असेल तर त्यापुढे तारा काढायचा. किमान दोन दिवसांची आगाऊ सूचना लागे. एका सदस्याला एका दिवशी तीन तारांकित प्रश्नांची मुभा होती, ती १९६० मध्ये दोनवर आणली. खात्यांचे वेळापत्रक ठरलेले असे. आज कामगार खाते पहिले, उद्या वसाहत खाते. आपले खाते त्या दिवशी यादीत खाली असेल तर प्रश्न पुकारलाच जात नसे, म्हणून अनुभवी सदस्य आधी वेळापत्रक पाहत आणि मग प्रश्न लिहीत. पंतप्रधानांना विचारायचे प्रश्न बरीच वर्षे ४५व्या क्रमांकापासून असत, त्यामुळे कित्येकदा तिथवर पोहोचायच्या आतच ३.३० वाजत. १९६१ पासून मंगळवार आणि गुरुवारी ३.१५ ते ३.३० ही वेळ त्यांच्यासाठी राखली गेली.

टेबल ऑफिसातले कारकून प्रश्न तपासत, आणि नवख्यांची गाडी तिथेच अडायची. प्रश्नात एकतर माहिती मागितलेली हवी किंवा कारवाईची मागणी हवी. युक्तिवाद नको, मत नको, ‘वर्तमानपत्रात आले ते खरे का’ असे नको, आणि विषय त्या मंत्र्याच्या जबाबदारीतला हवा.

ही शेवटची अट १९४७ नंतर फार जाचू लागली. १ जानेवारी १९४७ ला कोळसा खाणी आणि वर्षभराने रेल्वे सरकारी झाली. मतदारांना वाटले, आता गाडी उशिरा आली तर खासदार मंत्र्याला धारेवर धरेल. पण मंत्री म्हणत, रोजचा कारभार महामंडळाचा, आमचा नाही. एकदा मंत्र्याने उत्तर नाकारले की तसले प्रश्न पुढे टेबलावरच घेतले जात नसत. १९४८ मध्ये स्पीकर क्लिफ्टन ब्राउन यांनी थोडी ढील दिली. मंत्र्याने आधी नाकारलेला विषय तातडीचा आणि सार्वजनिक महत्त्वाचा असेल तर आपण परवानगी देऊ, असे त्यांनी सांगितले. तरी सदस्यांना वळसा घालूनच जावे लागे. ‘अमुक स्टेशनवरची सकाळची गाडी रोज उशिरा का येते?’ हा प्रश्न परत यायचा. ‘गाड्यांच्या वक्तशीरपणाबाबत वाहतूक आयोगाला मंत्री सर्वसाधारण निर्देश देणार का?’ हा चालायचा, कारण असा निर्देश देण्याचा अधिकार कायद्यानेच मंत्र्याला दिला होता. मंत्री ‘नाही’ म्हणे. मग पुरवणी प्रश्नात ते स्टेशन, ती गाडी आणि ताटकळलेले कामगार यायचे.

तुमच्या दुसऱ्या शंकेचे उत्तरही इथेच आहे. छापील प्रश्न नुसता आत शिरायला असतो. सदस्य उभा राहून ‘प्रश्न क्रमांक सत्तावीस, सर’ एवढेच म्हणतो. मंत्री लिहून आणलेले उत्तर वाचतो. त्यानंतरचा पुरवणी प्रश्न आधी कळवलेला नसतो आणि खरी कसोटी तिथे लागते. अधिकारी संभाव्य पुरवणी प्रश्नांची फाइल मंत्र्याच्या हाती देतातच. म्हणून छापील प्रश्न शक्य तितका सपाट ठेवायचा, आपला रोख त्यात दिसू द्यायचा नाही. नवखे सदस्य नेमके उलटे करत. छापील प्रश्नातच सगळा राग ओतायचा, आणि पुरवणीला उभे राहून चार वाक्यांचे भाषण करायचे. मग ‘हा प्रश्न नव्हे’ असे म्हणून स्पीकर खाली बसवत.

हुजूर पक्षाचे जेराल्ड नबारो यांनी १९५०च्या दशकात खरेदी कराच्या विसंगतींवर आपल्याच सरकारच्या अर्थमंत्र्यांवर प्रश्नांचा मारा केला. या वस्तूवर कर आहे, जवळजवळ तशाच त्या वस्तूवर का नाही? एकेक प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा होता. पण ते महिनोन्‌महिने चालू राहिल्यावर कोष्टकच हास्यास्पद दिसू लागले.

प्रश्न: ‘मतदारांची गाऱ्हाणी खासदाराकडे जात’ असे तुम्ही लिहिले. त्यातून काही हाती लागायचे का, की नुसती पोचपावती?

योग्य ठिकाणी पत्र गेले तर बरेच काही लागायचे. पद्धत अशी: मतदाराचे मूळ पत्र, त्यावर चार ओळींची आपली चिठ्ठी, आणि पाकीट थेट मंत्र्याच्या नावाने. नागरिकाने स्वतः खात्याला लिहिले तर उत्तर कनिष्ठ अधिकारी देई. खासदाराच्या पत्राच्या उत्तरावर मंत्र्याची किंवा उपमंत्र्याची सही लागे, म्हणून फाइल वरच्या टेबलापर्यंत चढे आणि कुणीतरी ती नव्याने वाची. निम्मे काम त्या नव्याने वाचण्यातच होऊन जाई.

खासदाराने कुणाला लिहायचे, यात घोटाळे होत. युद्धानंतर सर्वाधिक गाऱ्हाणी घरांची. पण कौन्सिलची घरे वाटण्याचा अधिकार स्थानिक कौन्सिलचा, मंत्र्याचा नव्हे. मंत्र्याला लिहिले तर महिनाभराने ‘हे स्थानिक प्रशासनाच्या अखत्यारीत आहे’ असे उत्तर येई. जाणकार खासदार पहिल्याच दिवशी टाउन क्लार्कला, म्हणजे कौन्सिलच्या मुख्य अधिकाऱ्याला, लिहीत, आणि तेही नरमाईने, कारण आपल्या कामात ढवळाढवळ झालेली नगरसेवकांना खपत नसे, आणि पुढच्या निवडणुकीत प्रचार करणारेही तेच. राष्ट्रीय विम्याचे प्रकरण त्या खात्याच्या मंत्र्याकडे जाई. पण गरजूंना मिळणाऱ्या सरकारी मदतीची वैयक्तिक रक्कम नॅशनल असिस्टन्स बोर्ड ठरवी, तेव्हा ते पत्र बोर्डाकडेच जायला हवे.

मतदारांना भेटण्याच्या ठरावीक बैठकींना तिकडे ‘सर्जरी’ म्हणत. युद्धापूर्वी त्या क्वचित होत. १९४५ नंतर सर्रास होऊ लागल्या. सहसा शनिवारी, पक्षाच्या कचेरीत नाहीतर शाळेच्या एखाद्या खोलीत. येणाऱ्याकडून तारखा आणि संदर्भ क्रमांक तिथल्या तिथे लिहून घेणे महत्त्वाचे. विम्याचा क्रमांक नसलेले पत्र खात्यातून तसेच परत येई आणि तीन आठवडे फुकट जात.

इथे एक कायदेशीर खाच आहे, ती फारशी कुणाच्या ध्यानात येत नाही. सभागृहात बोललेल्या शब्दांवर कोर्टात दावा लावता येत नाही, १६८९च्या बिल ऑफ राइट्सने ते संरक्षण दिले आहे. पण मंत्र्याला लिहिलेल्या पत्राचे काय? मजूर पक्षाचे जॉर्ज स्ट्रॉस, हे माजी मंत्री पण तेव्हा विरोधी बाकांवर, यांनी फेब्रुवारी १९५७ मध्ये मंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांना पत्र लिहिले. लंडन इलेक्ट्रिसिटी बोर्ड जुन्या केबलचे भंगार ज्या रीतीने विकत होते त्यावर पत्रात कडक टीका होती. मॉडलिंग यांनी पत्र बोर्डाकडे पाठवले आणि बोर्डाने अब्रुनुकसानीच्या दाव्याची धमकी दिली. विशेषाधिकार समितीने कौल दिला की असे पत्र हा संसदेच्या कामकाजाचाच भाग आहे. पण ८ जुलै १९५८ रोजी सभागृहाने २१८ विरुद्ध २१३ मतांनी तो अमान्य केला. पाच मतांचा फरक! तेव्हापासून जपून वागणारे सदस्य पत्रात ‘माझ्या मतदाराचे म्हणणे असे’ एवढेच लिहीत आणि तिखट भाग सभागृहासाठी राखून ठेवत. आमच्या मते तो निर्णय चुकला. खासदाराचे नव्वद टक्के काम पत्रांतून होते म्हणायचे आणि संरक्षण उरलेल्या दहा टक्क्यांनाच द्यायचे, याला तर्क म्हणत नाहीत.

१९६७ मध्ये संसदीय आयुक्ताचे, म्हणजे ऑम्बुड्समनचे पद आले. सर एडमंड कॉम्प्टन पहिले आयुक्त. नागरिकाला त्यांच्याकडे थेट जाता येत नसे, तक्रार खासदारामार्फतच पाठवावी लागे. आपले महत्त्व कमी होईल या भीतीने खासदारांनीच ती अट घालून घेतली.

प्रश्न: रात्री दहानंतर रिकाम्या सभागृहात एकच सदस्य बोलत असतो, असे वाचले. त्याचा अर्थ काय?

दिवसाचे काम रात्री १० ला थांबे आणि ‘सभागृह आता तहकूब व्हावे’ असा प्रस्ताव मांडला जाई. तो मंजूर होण्याआधी अर्धा तास एका सदस्याला त्याच्या विषयासाठी मिळे. याला सरकारवरचा ठपका समजू नका. शेवटी मतदान सहसा होतच नसे. पंधरा-एक मिनिटे सदस्य बोले, उरलेल्या वेळात उपमंत्री उत्तर देई. विषय मंत्र्याच्या अधिकारातला हवा आणि उपाय म्हणून नवा कायदा मागता येत नसे. हा नियम मोडला की स्पीकर लगेच टोकत.

प्रश्नोत्तरात समाधान झाले नाही तर सदस्य ‘हा विषय मी तहकुबीच्या प्रस्तावावर मांडीन’ अशी सूचना देई. त्याने त्या प्रश्नावरचे पुढचे पुरवणी प्रश्नही बंद होत. म्हणजे रागाच्या भरात हे वाक्य लवकर उच्चारले तर आपल्याच बाजूच्या सहकाऱ्यांची तोंडे बंद व्हायची.

सभागृह रिकामे असले तरी खात्यात एका अधिकाऱ्याला त्या एका पेन्शनीच्या किंवा त्या एका पुलाच्या फाइलवर दहा पाने टिपण तयार करावे लागे. बोलणाऱ्याने मात्र पंधरा मिनिटांच्या आत खाली बसायला हवे. वेळ खाल्ला तर उत्तर अर्धवट राही आणि १०.३० ला सगळे आपोआप संपे, मग मंत्र्याच्या तोंडून निघू शकले असते ते आश्वासनही जाई.

प्रश्न: साध्या सदस्याने आणलेले विधेयक कायदा होणे इतके अवघड का होते? फाशी रद्द करण्याचा कायदा तर असाच झाला ना?

झाला, पण सतरा वर्षांच्या खटपटीनंतर. आधी सर्वसाधारण वाट सांगतो.

युद्धकाळात अशासकीय विधेयकांचा वेळ सरकारने घेतला होता आणि मजूर पक्षाच्या ॲटली सरकारने तो १९४८ पर्यंत परत दिला नाही. १९४८-४९च्या अधिवेशनापासून शुक्रवार पुन्हा मोकळे झाले. अधिवेशनातले साधारण वीस शुक्रवार, त्यातले निम्मे विधेयकांना आणि निम्मे ठरावांना. सुरुवातीला चिठ्ठ्या काढत. शेकडो सदस्य नाव नोंदवत. कित्येकांच्या हाती विधेयकच नसे. नाव वर आले की त्याच दिवशी संस्था, संघटना आणि कधी खुद्द सरकारी खाती तयार मसुदे घेऊन दारात. पहिल्या पाच-सहांत नाव आले तरच दुसऱ्या वाचनाला, म्हणजे विधेयकाच्या मूळ तत्त्वावरच्या चर्चेला, पूर्ण शुक्रवार मिळण्याची आशा. बाकीचे आपापल्या नशिबावर.

मसुदा स्वतः जमवायचा, सरकारी मसुदाकार हक्काने मिळत नसे. कलमे कमी ठेवायची, कारण प्रत्येक जादा कलम म्हणजे विरोधकाला बोलायला वीस मिनिटे. आणि सरकारी तिजोरीवर खर्च पडेल असे काही घालायचे नाही. तसा खर्च असेल तर पैशाचा वेगळा ठराव लागतो आणि तो फक्त मंत्रीच मांडू शकतो.

आता शुक्रवार. बैठक सकाळी ११ ते दुपारी ४. मारेकरी चार.

पहिला गणपूर्ती. सभागृहात ४० जण नाहीत असे कुणीही स्पीकरच्या नजरेस आणू शके. घंटा वाजत, आणि ४० भरले नाहीत तर बैठक तिथेच बरखास्त. शुक्रवारी बहुतेक सदस्य मतदारसंघाच्या गाडीत असत, म्हणून हे हत्यार सोपे.

दुसरा घड्याळ. ४ वाजता कुणी बोलत असेल तर चर्चा अपुरी राही आणि विधेयक रांगेच्या शेवटी जाई. त्यामुळे समर्थकांनी थोडके बोलायचे, आणि विरोधक मुद्दाम पाल्हाळ लावणार.

तिसरा शंभराचा आकडा. चर्चा थांबवून मत घ्या, असा प्रस्ताव मांडता येतो, पण त्याच्या बाजूने किमान १०० मते पडावी लागतात. ९५ विरुद्ध ३ असा निकाल लागला तरी हरलात. म्हणून विधेयकवाल्याचे खरे काम आदल्या महिन्यातले: एकेकाला गाठून त्या शुक्रवारी लंडनमध्ये थांबायला लावणे. मार्गारेट थॅचर १९५९ मध्ये निवडून आल्या, चिठ्ठीत नाव वर आले आणि ५ फेब्रुवारी १९६० रोजी, शुक्रवारी, त्यांनी पहिलेच भाषण आपल्या विधेयकाच्या दुसऱ्या वाचनावर केले. स्थानिक संस्थांच्या बैठकींना पत्रकार आणि नागरिकांना प्रवेश मिळावा, असा त्याचा विषय. भाषण झाले सत्तावीस मिनिटांचे, पण त्याआधी सहकाऱ्यांना पत्रे लिहून थांबायची विनंती केली होती. १५२ विरुद्ध ३९ हा निकाल त्या पत्रांचा. पहिल्या भाषणात वाद टाळायचा आणि मतदारसंघाचे गोडवे गायचे, हा रिवाजही त्यांनी बाजूला ठेवला.

चौथा एकच शब्द: ‘ऑब्जेक्ट’. ४ वाजल्यावर उरलेल्या विधेयकांची नावे वाचत. कुणीच हरकत घेतली नाही तर विधेयक चर्चेविना पुढे सरकते. एकाने जरी तो शब्द उच्चारला तर त्या दिवसापुरते संपले. बहुतेक वेळा हा शब्द सरकारी व्हिपच्या, म्हणजे पक्षाच्या सदस्यांची हजेरी आणि मते सांभाळणाऱ्या पदाधिकाऱ्याच्या, तोंडून येई.

यातून पार पडले तरी समिती, मग पुन्हा शुक्रवारीच अहवालाचा टप्पा. तिथे कुणीही दुरुस्त्या सुचवू शकतो, आणि खरी कोंडी तिथेच होते. डेव्हिड स्टील यांचे गर्भपाताचे विधेयक २२ जुलै १९६६ ला २२३ विरुद्ध २९ अशा मोठ्या फरकाने दुसऱ्या वाचनात पास झाले होते. तरी सरकारने रात्रभर चालणाऱ्या बैठकींसाठी वेळ दिला नसता तर ते अहवालाच्या टप्प्यावर गुदमरले असते. १९६७च्या जुलैत तिसरे वाचन १६७ विरुद्ध ८३ ने झाले. तेव्हा ‘खासगी सदस्याचा कायदा’ या नावाला फार भुलू नये. १९६०च्या दशकातले मोठे सामाजिक कायदे सदस्यांनी मांडले, पण त्यांना घड्याळ सरकारने पुरवले.

फाशी रद्द करण्यासाठी झटणारे मजूर सदस्य सिडनी सिल्व्हरमन यांचेही तेच. १९४८ मध्ये त्यांनी सरकारच्याच फौजदारी विधेयकात फाशी स्थगित करणारे कलम २४५ विरुद्ध २२२ मतांनी घुसवले. लॉर्ड्सने ते फेटाळले. १९५६ मध्ये स्वतंत्र विधेयक कॉमन्समध्ये मंजूर करून घेतले, लॉर्ड्सने २३८ विरुद्ध ९५ ने पाडले. २१ डिसेंबर १९६४ ला नव्या विधेयकाचे दुसरे वाचन ३५५ विरुद्ध १७० ने पार पडले. तरी मार्च १९६५ मध्ये एका शुक्रवारी विरोधकांनी हाजिरी कमी पाहून विधेयक लहान समितीतून काढून संपूर्ण सभागृहाच्या समितीकडे वळवले, म्हणजे सभागृहाचाच वेळ लागणार आणि तो कुठून आणायचा? सरकारने बुधवारी सकाळच्या जादा बैठकी घेतल्या. ८ नोव्हेंबर १९६५ ला कायदा झाला, पाच वर्षांच्या मुदतीचा. डिसेंबर १९६९ मध्ये दोन्ही सभागृहांनी तो कायम केला. सिल्व्हरमन त्याआधीच, १९६८ मध्ये, वारले होते.

कधीकधी विधेयक मागे घेण्यातच फायदा असे. डिसेंबर १९५२च्या लंडनमधल्या विषारी धुक्यानंतर नबारो यांनी १९५५ मध्ये स्वच्छ हवेचे विधेयक आणले. सरकारने आपले विधेयक आणण्याचे वचन दिले, त्यांनी स्वतःचे मागे घेतले आणि १९५६ चा क्लीन एअर ॲक्ट आला.

प्रश्न: मंजूर होणार नाही हे माहीत असूनही तेच विधेयक दरवर्षी मांडणारे सदस्य होते. त्यामागे काय हिशेब?

चिठ्ठीत नाव न आलेल्यांसाठी दहा मिनिटांचा नियम १९५० मध्ये पुन्हा सुरू झाला. प्रश्नोत्तरे संपताच, म्हणजे सभागृह आणि पत्रकारांची गॅलरी दोन्ही भरलेली असताना, सदस्याने दहा मिनिटे बोलायचे. विरोधकाला दहा मिनिटे, की लगेच मत. परवानगी मिळाली तरी पुढे वेळ नसे. पण कोण कुठल्या बाजूला आहे हे छापील यादीत येते, आणि पुढच्या वर्षी त्या यादीवरून कुणाला गाठायचे ते ठरते.

कलकत्त्यात जन्मलेले फेनर ब्रॉकवे १९५० ते १९६४ इटन आणि स्लाउचे सदस्य होते. वंशभेदाविरुद्धचे विधेयक त्यांनी १९५६ पासून नऊ वेळा आणले. एकदाही ते पार पडले नाही. १९६४ मध्ये ते निवडणूक हरले आणि १९६५ मध्ये सरकारनेच रेस रिलेशन्स ॲक्ट केला. लिओ ॲब्स यांनी ५ जुलै १९६६ ला समलिंगी संबंधांविषयीच्या विधेयकाला याच दहा मिनिटांत २४४ विरुद्ध १०० असा कौल मिळवला. एवढे बळ दिसल्यावर गृहमंत्री रॉय जेंकिन्स यांना वेळ देणे सोपे गेले.

प्रश्न: व्हिप मोडल्यावर खरोखर काय व्हायचे?

दर आठवड्याला पक्षाकडून कामकाजाचा कागद येई, त्यालाही व्हिपच म्हणत. बाबीखाली एक रेघ असेल तर यावे, दोन असतील तर यायलाच हवे, पण विरोधी पक्षातला जोडीदार ठरवून दोघांनी मिळून गैरहजर राहता येते, आणि तीन असतील तर अंथरुणातून उठून या. हे शेवटचे शब्दशः. १९५०च्या निवडणुकीत मजूर पक्षाला ६२५ पैकी ३१५ जागा, बहुमत पाचचे. आजारी सदस्यांना रुग्णवाहिकेतून आवारात आणत. दोन्ही बाजूंचे व्हिप आत डोकावून माणूस जिवंत आहे याची खात्री करत आणि त्याचे मत मोजत. १९५१ मध्ये हुजूर सदस्य उशिरा रात्री सरकारी नियमांविरुद्ध एकामागून एक प्रस्ताव आणून सगळ्यांना पहाटेपर्यंत जागवत.

पक्षाविरुद्ध मत देणे दुर्मिळ, मत न देणे नेहमीचे. १९४७ मध्ये सक्तीच्या लष्करी सेवेविरुद्ध मजूर पक्षाच्या ७२ जणांनी मत दिले आणि सरकारने मुदत अठरा महिन्यांवरून बारावर आणली. इतक्या जणांना शिक्षा करता येत नाही. थोडे असले की जमते: नोव्हेंबर १९५४ मध्ये जर्मनीच्या शस्त्रसज्जतेच्या प्रश्नावर आदेश मोडणाऱ्या सात जणांना पक्षाच्या संसदीय गटातून बाहेर काढले, त्यात सिल्व्हरमनही होते.

पण खरा बडगा लंडनमध्ये नसून मतदारसंघात होता. सुएझ कालव्याच्या संघर्षाच्या वेळी, नोव्हेंबर १९५६ मध्ये, बोर्नमथ पूर्वचे हुजूर सदस्य नायजेल निकोल्सन यांनी सरकारला मत दिले नाही. पक्षाने काढले नाही. स्थानिक शाखेने दुसरा उमेदवार शोधला. १९५९ मध्ये टपालाने सभासदांचे मत घेतले, त्यात निकोल्सन ९१ मतांनी हरले आणि त्यांची संसदीय कारकीर्द तिथेच संपली.

प्रश्न: मतदान चालू असताना सदस्य डोक्यावर टोपी घालून बोलतात, हे खरे का?

खरे. मतदानाच्या वेळी नियमाचा मुद्दा बसूनच आणि डोके झाकूनच मांडायचा, असा रिवाज होता. त्यासाठी घडीची एक टोपी हाताशी ठेवलेली असे. ती सापडली नाही तर कामकाजपत्रिका डोक्यावर धरत. हा प्रकार १९९८ मध्ये बंद झाला.

प्रश्न: मी राज्यशास्त्राची विद्यार्थिनी आहे. एका साध्या सदस्याच्या दहा वर्षांच्या कामावर प्रबंध करायचा आहे. हॅन्सार्ड कसे वाचावे?

हॅन्सार्ड म्हणजे संसदेच्या कामकाजाचा छापील अधिकृत वृत्तांत. त्यातल्या अधिवेशनाच्या अनुक्रमणिकेत सदस्याच्या नावाखाली सुरुवात करा, विषयाखाली नको. हॅन्सार्डमध्ये पानांऐवजी रकान्यांचे क्रमांक असतात, संदर्भ देताना खंड आणि रकाना द्या. तोंडी आणि लेखी उत्तरांची टाचणे वेगळी करा. काही सदस्यांचे निम्मे काम लेखी उत्तरांत असते आणि अभ्यासक ते सरळ वगळतात.

तारखांत फसू नका. बैठक ज्या दिवशी सुरू झाली तीच तारीख छापतात. केनियातल्या होला छावणीत अकरा बंदिवानांचा मृत्यू झाला, त्यावर हुजूर सदस्य इनॉक पॉवेल मध्यरात्र उलटल्यावर बोलले, म्हणजे २८ जुलै १९५९ रोजी. हॅन्सार्डमध्ये ते २७ जुलैखाली, ६१०व्या खंडात सापडेल.

मतदानाच्या याद्या वापरताना ध्यानात ठेवा की ‘तटस्थ’ असा रकानाच नाही. नाव नसणे म्हणजे बंड, आजारपण, जोडीदार ठरवून घेतलेली सुट्टी किंवा चुकलेली गाडी, यातले काहीही असू शकते. शेजारच्या दोन-तीन मतदानांत नाव आहे का ते पाहा. त्याच संध्याकाळी आधीच्या मतदानात असून नेमक्या त्या मतदानात नसेल, तर बंडाची शंका घ्यायला जागा आहे.

विधेयकांची कलमे तपासणाऱ्या स्थायी समित्यांतली भाषणे वेगळ्या खंडांत छापली आहेत आणि मुख्य अनुक्रमणिकेवर विसंबलात तर ती हातून सुटतील. तिथे सत्ताधारी बाजूच्या सदस्याची भाषणे तुटपुंजी दिसली तर त्याला आळशी ठरवू नका. १९४५-५० मध्ये मजूर सदस्यांना वेळ वाचवण्यासाठी गप्प बसायला सांगितलेले असे आणि ते समितीत बसून मतदारांच्या पत्रांना उत्तरे लिहीत. ती पत्रे हॅन्सार्डमध्ये नाहीत. काही त्या-त्या खात्याच्या फाइलींत राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, काही सदस्याच्या खासगी कागदपत्रांत. प्रबंधाचा विषय नक्की करण्याआधी आपल्या सदस्याचे कागद कुठे ठेवलेत आणि ते खुले आहेत का, एवढे विचारून घ्या.